चष्म्यांतील चंद्र

गेल्या महिन्यांत आमच्या नातीच्या शाळेंत पालकांस एक नवी सोय दाखविण्यांत आली. डोळ्यांवर जाड, बंदिस्त चष्मा चढवावा, कीं वर्गाच्या भिंती नाहींशा होऊन आपण थेट अंतराळांत! आम्हींही तो लावून पाहिला. साठी उलटलेल्या आमच्यासारख्या मास्तराच्याही तोंडून 'अहाहा!' निघून गेलें. यासच 'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी' म्हणतात.

घरीं आल्यावर आम्हीं नातीस विचारलें, "बाळ, चंद्राच्या कला कशानें होतात?"

"पृथ्वीची सावली पडते म्हणून!" ती तत्काळ म्हणाली.

चंद्र तिनें हातभर अंतरावरून पाहिला होता. चूक मात्र तीच, जी नुसतें पुस्तक वाचणारीं मुलें करीत आलीं आहेत.

वस्तुतः ही युक्ति अगदींच नवी नव्हे. दोन डोळ्यांस किंचित् भिन्न अशीं दोन चित्रें दाखविलीं असतां मन त्यांचें एकच सघन दृश्य बनवितें, हें चार्ल्स व्हीटस्टन यांनीं १८३८ सालीं दाखवून दिलें. या तत्त्वावरील स्टीरिओस्कोप विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील शाळांतून भूगोलासाठीं वापरीत. १९६८ च्या सुमारास आयव्हन सदरलंड यांनीं मान वळेल तसें दृश्य बदलणारें शिरस्त्राण रचलें. २०१४ सालीं गूगलनें मोबाईल ठेवावयाचा पुठ्ठ्याचा स्वस्त चष्मा काढला. पुढें शाळांसाठीं 'एक्स्पेडिशन्स' या घरबसल्या सहलीही काढल्या, आणि २०२१ सालीं त्या बंदही केल्या. साधनें येतात, जातात. शिकविणें मात्र शिक्षकासच करावें लागतें.

शिंपल्यावर रुप्याचा भास होतो, हा आमच्या तर्कशास्त्राचा जुना दृष्टांत. भास म्हणजे ज्ञान नव्हे. तथापि ज्वालामुखीचें मुख, समुद्राचा तळ, हृदयाचे कप्पे, जेथें वर्ग नेतां येत नाहीं, तेथें हा भासही उपकारकच होय. मात्र आधीं प्रश्न, मग दहा मिनिटें दर्शन, आणि नंतर स्वहस्तें वहींत आकृति, हा क्रम सुटूं नये.

त्याच रात्रीं आम्हीं खोलींत एकच दिवा ठेविला आणि नातीच्या हातीं एक लिंबू दिलें. तें डोक्याहून किंचित् उंच धरून तिनें जागच्या जागीं सावकाश गिरकी घ्यावयाची. दुसऱ्या फेरीस ती थबकली.

"आजोबा, अर्धें लिंबू तर नेहमींच उजळलेलें असतें! आपल्याला दिसतें तेवढेंच कमीजास्त!"

आणि क्षणभरानें म्हणाली, "तो चष्मा आतां पुन्हा लावून पाहिला पाहिजे."

चष्म्याचा खरा उपयोग आतां सुरू होईल, असें आम्हांस वाटतें.