सांगून जाणारे राउटर

जानेवारी २०२१ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने ‘आरएफसी ९००३’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याने बदललेली मुख्य गोष्ट म्हणजे एक आकडा: १२८ च्या जागी २५५. इंटरनेटच्या नियमांत असे बारीक फेरफार सतत होत असतात. पण हा आकडा का बदलला, याचं कारण परिशिष्टात दिलं आहे, आणि अख्ख्या दस्तऐवजात वाचावं असं तेच आहे.

आकडा आहे दोन राउटरांमधली जोडणी, म्हणजे सेशन, बंद करताना पाठवायच्या निरोपाच्या लांबीचा. कुठला पत्ता कुठल्या वाटेने गाठता येईल, हे नेटवर्कांचे राउटर एकमेकांना बीजीपी या प्रोटोकॉलच्या सेशनवर सांगत असतात. कर्क लॉगीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ मध्ये नॅपकिनांवर या बीजीपीचा आराखडा खरडला, ही कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. वाटा कशा सांगायच्या, हे तेव्हापासून ठरलेलं होतं. दुरुस्तीसाठी सेशन बंद करायचं असेल तर शेजाऱ्याचा खोळंबा कसा टाळायचा, याकडे मात्र नीट लक्ष जायला दोन दशकं लागली.

समजा, राउटरचं सॉफ्टवेअर बदलायचं आहे. इंजिनिअर रात्री दोनला सेशन बंद करतो. शेजाऱ्याच्या तक्त्यातून ती वाट पुसली जाते आणि दुसरी वाट नेटवर्कभर पसरेपर्यंत मधली पॅकेट वाया जातात. दुसरी वाट बहुतेकदा असतेच. पण नेटवर्कच्या आत वाटा पुढे कळवणारा रूट रिफ्लेक्टर आपल्याला सर्वोत्तम वाटणारी वाटच पुढे कळवतो, त्यामुळे आतल्या राउटरांना तिचा पत्ताच नसतो. केबल शाबूत, दोन्हीकडची यंत्रं शाबूत, काम ठरवून काढलेलं, आणि तरी कुणाचा तरी कॉल तुटतो. असं नुकसान अपघात म्हणून सोडून देता येत नाही.

मुंबईकराला यावरचा उपाय फोडून सांगायला नको. मेगाब्लॉक आधी जाहीर होतो, धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, मग कामगार रुळांवर उतरतात. बीजीपीला असा मेगाब्लॉक हवा, ही मागणी एप्रिल २०११ च्या ‘आरएफसी ६१९८’ मध्ये रीतसर मांडली गेली. उत्तर असलेला ‘आरएफसी ८३२६’ आला मार्च २०१८ मध्ये. इतक्या छोट्या उपायासाठी सात वर्षं फारच झाली.

उपाय म्हणजे एक खूण, ६५५३५:०. सेशन तोडण्याआधी राउटर आपल्या सगळ्या वाटा ही खूण लावून पुन्हा जाहीर करतो. शेजारी ती पाहून त्या वाटांची पसंती, म्हणजे लोकल प्रेफरन्स, खाली आणतो. शिफारस शून्याची आहे. पर्यायी वाट आपोआप वरचढ ठरते. मुख्य मेख अशी की तोवर जुनी वाट चालूच असते. स्क्रीनवर ट्रॅफिकचा आलेख उतरत तळाला टेकला की इंजिनिअर सेशन बंद करतो. तेव्हा तिथून काही जातच नसतं, मग हरवणार काय?

इंटरनेट एक्स्चेंजची अडचण वेगळी. तिथे दोन नेटवर्कांच्या मध्ये एक्स्चेंजचा स्विच असतो. स्विच आतून बंद पडला तरी राउटरला आपली लिंक चालू दिसू शकते, आणि समोरून काहीच न आल्यास सेशन मिटवणारा होल्ड टायमर संपेपर्यंत तो पॅकेट धाडत राहतो. त्यावर ‘आरएफसी ८३२७’ ची युक्ती साधी आहे: कामाआधी सदस्यांच्या राउटरांमधला फक्त बीजीपीचा टीसीपी पोर्ट १७९ अडवायचा. बाकी वाहतूक चालू राहते. साधारण दीड ते तीन मिनिटांत सेशनं मिटतात, वाहतूक दुसरीकडे वळते, मग स्विचला हात लावायचा.

राहिला निरोप. जुलै २०१७ च्या ‘आरएफसी ८२०३’ ने सेशन बंद करताना कारण लिहून पाठवायची सोय केली. आतल्या नमुन्यात तिकीट क्रमांक, सॉफ्टवेअर बदलाचा उल्लेख आणि दोन तासांत परत येतो असा शब्द आहे. समोरच्या माणसाला रात्री फोनाफोनी करावी लागू नये, एवढाच हेतू. मजकूर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कुठल्याही लिपीत चालेल. मर्यादा १२८ बाइटची.

इथेच रशियन भाषा आडवी आली. स्टॅकमध्ये स्विच जोडण्याचं नियोजित काम, तीस मिनिटांत पूर्ण, हा मजकूर इंग्रजीत ६५ बाइटचा. ‘आरएफसी ९००३’ चं परिशिष्ट सांगतं की रशियनमध्ये तोच १३९ भरतो. अकरा बाइटनी मर्यादेबाहेर. इतर लिप्यांना परवानगी होती, जागा नव्हती. अलेक्झांडर अझिमोव हे नाव लेखकांत चौथं जोडलं गेलं आणि मर्यादा २५५ झाली. लांबीचा रकानाच एका बाइटचा असल्यामुळे त्यापुढे जाणं शक्य नव्हतं.

सिरिलिक अक्षराला दोन बाइट लागतात, देवनागरीला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त प्रत्येकाचे वेगळे तीन. ‘दोन तासांत परत येतो’ हे ५१ बाइट. त्याच अर्थाचं इंग्रजी १५. जुन्या मर्यादेत देवनागरीची ४२ चिन्हं मावत होती, आता ८५ मावतात. नागपूरच्या इंजिनिअरला पुण्याच्या इंजिनिअरसाठी मराठीत कारण लिहून ठेवायचं असेल, तर ही वाढ हवीच होती.

निरोप आणि खूण यांत फरक आहे. निरोप माणसाने वाचायचा. खूण मात्र शेजाऱ्याच्या राउटरला आधीच शिकवून ठेवावी लागते, नाहीतर ती आली काय न आली काय. ओपनबीजीपीडी या बीजीपी सॉफ्टवेअरच्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये त्यासाठीचा नियम तयारच दिलेला आहे: ही खूण दिसली की लोकल प्रेफरन्स शून्य. ज्या नेटवर्कांत तो अजून नाही, त्यांनी पुढच्या दुरुस्तीच्या रात्रीआधी तो घालून ठेवावा.