आठवड्यातला एक दिवस

पाबळ म्हटलं की मस्तानीची समाधी, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. माझं पाबळचं वेड वेगळ्या कारणाचं, डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्यापायी लागलेलं. इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातली पीएच.डी., मग म्हैसूरची अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था सीएफटीआरआय, मग हिंदुस्तान लिव्हरचं अंधेरीचं संशोधन केंद्र. हे सगळं सोडून ते पत्नी मीराताईंसह शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात आले आणि १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू झाला.

आश्रम जे. पी. नाईकांच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या छत्राखाली होता. हेच नाईक कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव. शाळेत ‘कार्यानुभव’ आणला तो या आयोगाने. पुढे त्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलंय : कागदाची फुलं, शुभेच्छापत्रं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आईने पुरी करून दिलेली वही.

कलबागांनी आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आखला. शाळांमधलं त्याचं नाव आयबीटी. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग आणि आठवड्याचा एक पूर्ण दिवस. राज्य मंडळानेही तो विषय म्हणून मान्य केला. पण शिकवणार कोण? विज्ञानाच्या बाईंना चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती वेल्डिंगचा होल्डर द्यायचा, हा सरकारी रिवाज. कलबागांनी तो मोडला. गावातला वेल्डर, वायरमन, शेतकरी, ज्याचं पोट त्या कामावर चालतं, तोच आठवड्यातून एक दिवस निदेशक म्हणून शाळेत यायचा. बी.एड.वाल्यांच्या चौकटीत हे बसत नाही. मला विचाराल तर ती चौकटच चुकीची आहे.

दुसरी अट त्याहून कडक होती. मुलांनी केलेली वस्तू कपाटात ठेवायची नाही, ती कुणाच्या तरी गरजेची हवी. कुणाच्या घराचं वायरिंग, कुणाच्या वाड्याचं फाटक, शेतातली माती तपासणी. गिऱ्हाईक पैसे मोजतं म्हणजे ते तक्रारही करतं, आणि ती तक्रार गुणपत्रिकेपेक्षा लवकर शिकवते.

आश्रमाची ओळख झालेले घुमट घ्या. अशा घुमटाचा एक सोपा नमुना ६५ दांड्यांचा असतो. दांड्या दोनच लांबीच्या : त्रिज्येच्या ०.५४६५ पट आणि ०.६१८ पट. त्रिज्या तीन मीटर धरली तर १६४ आणि १८५.४ सेंटिमीटर. पहिल्या मापाच्या तीस, दुसऱ्याच्या पस्तीस. सव्वीस सांधे, चाळीस त्रिकोण. हॅक्सॉने कापताना कुणी प्रत्येक दांडीत अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे केला, तर शेवटचे बोल्ट भोकात बसत नाहीत. दशांश चिन्हानंतरचे आकडे कशाला हवेत, हे नववीच्या पोराला तिथे सांगावं लागत नाही. आणि गणिताच्या शिक्षकालाही वर्गात काय करायचं ते आयतं मिळतं.

२००२ मध्ये एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, निघाली ती या पाबळमध्ये. पुढच्याच वर्षी कलबाग गेले.

आता शाळाशाळांत केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब आल्या. सुरुवात २०१६ ची, सहावी ते बारावीसाठी, शाळेमागे वीस लाखांपर्यंत अनुदान : दहा उभारणीला, दहा पाच वर्षांच्या खर्चाला. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे संच. पैशाला मी नावं ठेवणार नाही. पाबळची ओढाताण वाचली की पैशाची किंमत कळते. पण संच घेतला म्हणजे शिक्षकाला मदत झाली, हे मला पटत नाही. शिक्षकाला हवा असतो शेजारी उभा राहणारा जाणकार हात, वेळापत्रकात सलग वेळ आणि गावातून आलेलं खरं काम. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत साधा सोल्डरिंगचा सांधाही धड होत नाही. हत्यारं काढण्यात आणि आवरण्यातच तास संपतो.

तुम्ही एखाद्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असाल तर पुढच्या बैठकीत दोन ठराव मांडा. गावातल्या चांगल्या वेल्डरला आठवड्यातून एक दिवसाचं मानधन, आणि त्या दिवशी दुसरी तासिका नाही.