शून्याचा एक कधी होतो?

मंडळी, सूरजागडला येताना आमची गाडी खनिजाच्या ट्रकांमागे बराच वेळ अडकली. इंजिनात ताकद होती, रस्ता मोकळा नव्हता. म्हटलं, आजचा विषय इथूनच सुरू करावा. वेग म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न आपण एका जुन्या यंत्राला विचारू.

१९८२ साली इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आला. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने भारतातही विकला. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला १ कोटी ४० लाख ठोके देतो. त्याला चारने भागलं की ३५ लाख, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झ. हे झेड-८० प्रोसेसरचं घड्याळ.

हौशी माणसाला वाटतं, जास्त ठोक्यांचा स्फटिक बसवू, यंत्र पळेल. पण टीव्हीवरचं चित्रही त्याच स्फटिकावर चालतं. प्रोसेसरच्या २२४ ठोक्यांत एक ओळ, सेकंदाला १५,६२५ ओळी. टीव्हीला तेवढ्याच लागतात. स्फटिक बदलला की चित्र फाटतं.

बरं, चित्राचं घड्याळ तसंच ठेवून एकट्या प्रोसेसरला दुप्पट वेग दिला तर? दोन अडचणी येतात. पहिली रस्त्याची. पहिली १६ किलोबाइट रॅम प्रोसेसर आणि चित्राची चिप मिळून वापरतात. चित्र काढणं चालू असताना तिथे गेलेल्या प्रोसेसरला थांबावं लागतं. म्हणून ठोके दुप्पट झाले तरी काम सरसकट दुप्पट होत नाही.

दुसरी अडचण कॅसेटची, आणि आम्हाला तत्त्वज्ञानाच्या माणसाला तीच महत्त्वाची वाटते. टेपवर शून्य आणि एक यांत फरक फक्त लांबीचा असतो: शून्याची प्रत्येक अर्धी लहर ८५५ ठोक्यांची, एकाची १७१० ठोक्यांची. घड्याळ दुप्पट केलं, की तेच शून्य १७१० मोजलं जातं. म्हणजे शून्याचा एक झाला! टेप तीच, आवाज तोच. बदललं ते मोजणाऱ्याचं घड्याळ. प्रोग्रॅम काही भरला जात नाही. म्हणून वेग वाढवलेल्या यंत्राला एक बटण लागतं: टेप ऐकताना जुन्या चालीवर यायचं, मग पळायचं.

आपण समजतो, वेग ही एकट्याची मालमत्ता. प्रत्यक्षात अर्थ टिकतो तो बोलणारा आणि ऐकणारा यांची चाल जुळली तरच. घाई करणाऱ्याला समोरचा चुकतोय असं वाटतं, तेव्हा आधी आपलं घड्याळ तपासावं.