एक आयपी ॲड्रेस, अनेक माणसे

आयपी ॲड्रेस मिळाला की माणूस मिळाला, आणि त्याचे गावही कळले, असा समज सर्वत्र आहे. घरातल्या किंवा ऑफिसातल्या ब्रॉडबँडपुरता तो बराचसा चालून जातो. मोबाइल डेटावर मात्र तो कोलमडतो. जुन्या पद्धतीच्या आयपी ॲड्रेसची एकूण संख्या जेमतेम 429 कोटी. त्यांचा जागतिक साठा 3 फेब्रुवारी 2011 रोजीच वाटून संपला. एकट्या भारतात शंभर कोटींहून जास्त मोबाइल जोडण्या आहेत, म्हणजे प्रत्येकीला स्वतंत्र पत्ता देणे अशक्यच. म्हणून कंपन्या फोनला आतल्या आत वापरायचा खासगी पत्ता देतात आणि बाहेर पडताना अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे उभे करतात. अशा सामायिक वापरासाठी 100.64 पासून सुरू होणारे सुमारे 42 लाख पत्ते 2012 मध्ये राखून ठेवले गेले. कोणाचे उत्तर कोणाकडे जायचे हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. एका पत्त्याला 65,536 पोर्ट असतात. प्रत्येक ग्राहकाला हजार दिले, तरी साठेक माणसे त्या एकाच पत्त्यावर सहज मावतात.

यावर कोणी म्हणेल, घरच्या वायफायवरही सगळ्यांचा पत्ता एकच असतो, मग मोबाइलचे वेगळे ते काय? फरक असा, की राउटरमागची माणसे एकमेकांच्या ओळखीची असतात आणि घर ठरलेले असते. मोबाइल कंपनीच्या पत्त्यामागे एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे असतात. एखाद्या संकेतस्थळाने त्रास देणाऱ्या एकाला रोखण्यासाठी तो पत्ता बंद केला, की बाकीच्यांनाही विनाकारण दार बंद.

ठिकाणाचेही तसेच. टॉवरपासून डेटा आधी कंपनीच्या आतल्या जाळ्यातून जातो आणि कंपनीच्या गेटवेवर पोचल्यावरच इंटरनेटवर पडतो. सार्वजनिक पत्ता त्या गेटवेजवळ मिळतो. त्यामुळे लातूरचा फोन मुंबईचा वाटू शकतो. उलट पुण्याहून मुंबईला जाताना वाटेत टॉवर कितीही बदलले, तरी पत्ता तोच राहू शकतो. फोनमधल्या जीपीएसला तुम्ही नेमके कुठे आहात हे ठाऊक असते, पण ती माहिती परवानगी दिलेल्या ॲपकडे जाते. आयपी पत्त्यात ती नसते.

मोबाइल इंटरनेटच्या वापराच्या मोजणीतही असाच घोटाळा आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये संकेतस्थळांचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकडेवारीत मोबाइल-टॅब्लेटने 51.3 टक्क्यांवर जाऊन डेस्कटॉपला प्रथमच मागे टाकले, तेव्हा 'निम्मे इंटरनेट मोबाइलवर' असा अर्थ सहज काढता येत होता. पण ती मोजणी ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानांची होती. ॲपमधला वापर त्यात नव्हता, आणि मोबाइल जाळ्यावरचा सगळ्यात मोठा भार, व्हिडिओ, पानांच्या हिशेबात धड बसत नाही. शिवाय घरी वायफायवर फोन वापरणारा तिथे मोबाइलवाला ठरतो, पण त्याचा डेटा ब्रॉडबँडने जातो. सिमच्या बिलात त्याचा पत्ताच नाही. संकेतस्थळ उपकरण मोजते, दूरसंचार कंपनी सिमवरून गेलेला डेटा मोजते. दोन्ही आकडे खरे असूनही एकमेकांशी जुळणार नाहीत.

नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही6 च्या पत्त्यांनी सामायिक पत्त्याचा प्रश्न सुटेल, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही आणि जिओसारख्या जाळ्यांवर ते सर्रास वापरले जातात. पण ज्या संकेतस्थळांनी ते स्वीकारलेले नाहीत, तिकडे जाताना सामायिक पत्ता वापरावाच लागतो. शिवाय नवा पत्ताही फोनला कायमचा चिकटलेला नसतो. म्हणून तक्रार किंवा तपास करायचा, तर नुसता पत्ता पुरत नाही. सोबत सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांकही लागतो. सर्व्हरने तो पोर्ट नोंदवावा अशी तांत्रिक शिफारस 2011 पासून आहे, तरी अनेक ठिकाणी नोंदींत फक्त पत्ता आणि वेळ असते. अशा नोंदीवरून दूरसंचार कंपनीला फार तर त्या क्षणी तो पत्ता वापरणाऱ्या सगळ्यांची यादी देता येते.