तेलावर तरंगणारं पोलाद

बीचम टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसासाठी लागणाऱ्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. तेल सोडायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल त्यातून उलट वर यायला लागलं. बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी दाबमापक लावला, तर काटा बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीपर्यंत चढला. हे १८८३ सालचं. तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं: फिरणारा आस स्वतःच तेल अरुंद फटीत ओढून नेतो आणि तिथे कोंडलेल्या तेलावर उचलला जातो.

आपल्या गाडीतही हेच चालतं. ३००० आरपीएमला क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेरे घेतो, पण बेअरिंगला टेकत नाही. मधला तेलाचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा! पंप फक्त तेल पोचवतो. भार पेलणारा दाब फिरण्यातून येतो.

कॅमसारख्या ठिकाणी मात्र हा थर फाटतो. तिथे तेलातलं झेडडीडीपी नावाचं जस्त-फॉस्फरसचं रसायन कामाला येतं. घासण्याच्या जोरावरच ते धातूवर काचेसारखा लेप चढवतं, सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा. लेप झिजला की पुन्हा बसतो, रसायन शिल्लक असेपर्यंत.

मग सिंथेटिकमध्ये वेगळं काय? खनिज तेलात लहानमोठ्या, वाकड्यातिकड्या रेणूंची सरमिसळ असते. पीएओ जातीचं सिंथेटिक इथिलीन वायूपासून, रेणूला रेणू जोडून घडवतात. त्यात थंडीत गोठणारं मेण नसतं, आणि उष्णतेत उडून जाणारे हलके रेणूही फारसे नसतात. (डब्यावर ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलंय म्हणजे आत पीएओच असेल असं समजू नका. हायड्रोजनच्या दाबाखाली फोडून नव्याने घडवलेलं खनिज तेलही त्याच नावाने विकतात. तेही चांगलंच असतं, फक्त भाव करताना लक्षात असू द्या.)

हे रेणू टिकाऊ खरे, पण त्यांच्यात मिसळलेली रसायनं खर्ची पडतातच. इंजिनात तयार होणारं आम्ल मारता मारता तेलातला अल्कलीचा साठा आटतो. काजळी, पेट्रोल आणि पाणी तर इंजिनातूनच येतं. महाग तेल म्हणून ते थांबत नाही. गॅरेजवाला डिपस्टिक फडक्याला पुसून “साहेब, ऑइल काळं पडलंय” म्हणतो, तेव्हा लगेच घाबरू नये. काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तरंगत ठेवणं हे तेलाचं कामच आहे, आणि डिझेल गाडीत ते फार लवकर काळं होतं.

मॅन्युअलमधला आकडा, बहुतेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यात जे आधी भरेल ते पाळावं. पण रोज दोन किलोमीटरवरच्या ऑफिसला जाणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे तेलात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही. सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन चालू असतं, पण किलोमीटर वाढत नाहीत. अशा वापरासाठी मॅन्युअलच्या मागच्या पानांत बहुधा वेगळं, कमी मुदतीचं कोष्टक असतं. ते कुणी उघडत नाही. आणि डिपस्टिक हातात आलीच, तर रंगापेक्षा पातळी आणि वास बघा. तेल न घालताच पातळी चढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ड्रेन बोल्ट सोडायला सांगा.