हाताला कसं शिकवायचं?

मागच्या वेळी आपण माहिती आणि ज्ञान यांतला फरक पाहिला. आज तोच प्रश्न तबल्याच्या वर्गात नेऊ. पहिल्यांदाच तबल्याला हात लावणाऱ्या मुलाला गुरुजी नेमकं काय देतात?

गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात ‘अमुक आहे हे जाणणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे जाणणं’ असा भेद केला. त्रितालात १६ मात्रा, चार विभाग, नवव्या मात्रेवर खाली, हे मूल पाच मिनिटांत पाठ करतं. पण ‘ना’ वाजवताना तर्जनी चाटेवर पडावी आणि अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असावी, हे शंभरदा ऐकूनही ‘ना’ निघत नाही. अनामिका जास्त दाबली की आवाज मरतो. हलकी म्हणजे किती हलकी? ते शब्दांत मावत नाही.

आपल्या परंपरेनं यावर काढलेला तोडगा म्हणजे पढंत. आधी तोंड, मग हात. बोल हे अक्षराचं नुसतं नाव नाही, ती नादाची नक्कल आहे. ‘धिं’मध्ये डग्ग्याचा घुमारा आहे, ‘तिं’मध्ये नाही. तिसऱ्या विभागात ‘धिं’चं ‘तिं’ झालं की खालीचा भाग मुलाला ऐकू येतो, नुसता मोजावा लागत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांतही ठेका वाजवायचा असतो, तसाच हातावर टाळी-खाली दाखवून म्हणायचाही असतो. ही घोकंपट्टी नव्हे. तोंडात नाद बसला की हाताची चूक आधी मुलाच्याच कानाला कळते.

आता शिक्षकाचा संयम. मुलानं चार बोल वाजवले की आपण बैठक, मनगट, बोट, लय अशा चार चुका एकदम सांगतो. मूल बावरतं, मनगट आखडतं, आणि काही महिन्यांत तबला कायमचा खोळीत जातो. जाणता शिक्षक एका वेळी एकच गोष्ट धरतो. थोडं बोलतो, संथ लयीत वाजवून दाखवतो आणि म्हणतो, “हं, आता तू.”

कुणी विचारेल, ही मग पोपटपंचीच नाही का? नाही. पोपटाला आपलं चुकलेलं कळत नाही. कुणी न सांगता मूल मध्येच थांबतं, मान हलवतं आणि तोच ‘ना’ पुन्हा वाजवतं, तेव्हा ज्ञान पोचलं असं समजा.