फी कारखान्याची, इमारत गावाची

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं कोलंबस हे जेमतेम ५० हजार वस्तीचं गाव. पुणेकरांना ते परकं वाटायचं कारण नाही. १९६२ साली पुण्यात ‘किर्लोस्कर कमिन्स’ सुरू झाली, त्यातल्या कमिन्सचं हे मूळ गाव. पण आर्किटेक्ट मंडळी तिथे जातात ती इंजिनं बघायला नव्हे. ती जातात शाळा, नगरपालिका आणि चक्क फायर स्टेशनं बघायला.

याचं मूळ कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांच्या एका देकारात आहे. महायुद्धानंतर मुलं वाढली, शाळा घाईघाईनं आणि कशाबशा उभ्या राहू लागल्या. मिलर म्हणाले, आर्किटेक्ट आमच्या यादीतून निवडा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन भरेल. या देकारातली पहिली शाळा, आर्किटेक्ट हॅरी वीझ यांची, १९५७ मध्ये झाली. मग इतर सार्वजनिक इमारतींनाही ही सवलत मिळाली. बांधकामाचा खर्च मात्र गावाचाच. फुकट मिळालेल्या इमारतीवर कोण हक्क सांगणार? मला यातली खरी हुशारी इथेच दिसते.

चार नंबरचं फायर स्टेशन रॉबर्ट व्हेंचुरी यांनी केलं, १९६८ साली. गावाची मागणी साधी होती: स्वस्त, देखभालीला सोपं. व्हेंचुरींनी एका बाजूला बंब, दुसऱ्या बाजूला जवानांच्या खोल्या ठेवल्या आणि मधोमध अर्धगोल मनोरा उभा केला. मनोरा शोभेचा नाही. आगीवरून परतलेले ओले पाइप गुंडाळून ठेवले तर कुजतात, म्हणून ते उंच टांगून निथळवायचे. मनोऱ्यावर भलामोठा ‘४’ आहे. पुढच्या भिंतीचा काही भाग पांढऱ्या चकचकीत विटांचा, आणि ही भिंत मागच्या इमारतीपेक्षा उंच. बाजारातल्या दुकानाच्या पाटीसारखा सगळा थाट! काहींना हे स्टेशन ओबडधोबड वाटतं. मला ते गावातलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं.

नगरपालिकेचं घोडं जरा उशिरा न्हालं. चार्ल्स स्पॅरेल यांनी बांधलेल्या १८९५ च्या लाल विटांच्या जुन्या सिटी हॉलमधून कारभार १९८१ पर्यंत चालला. पुढे तिथे पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या. नवी इमारत एडवर्ड चार्ल्स बॅसेट यांची. तिचा आकार त्रिकोणी, आणि त्याची लांब बाजू १८७४ च्या जुन्या कोर्टाकडे तोंड करून. प्रवेशापाशी दोन्हीकडून विटांनी मढवलेल्या प्रचंड तुळया एकमेकींकडे झेपावतात, पण भेटत नाहीत. मधल्या फटीतून आत शिरलं की समोर काचेची वळलेली भिंत. देखणी आहे खरी. पण दाखला काढायला आलेल्या माणसाला एवढा दरारा हवाच कशाला, असंही वाटून जातं.

उलट सुसाना टोरे यांनी १९८७ मध्ये केलेलं पाच नंबरचं स्टेशन बघा. अग्निशमन दलात बायकाही काम करणार, हे तिथे आधीच धरलेलं होतं. त्यामुळे सगळ्यांनी एकाच दालनात झोपायची जुनी पद्धत टोरेंनी मोडली आणि प्रत्येकाला निजायला स्वतंत्र खोली दिली.